डी अँड डी मध्ये बिनशस्त्र पैलवान खेळायचाय: कुठले फीट एकमेकांना साथ देतात आणि कुठले नाही

भावा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हंजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कथाखेळ) मध्ये तू व्हेरियंट ह्यूमन फायटर (माणूस जातीचा लढवय्या, ज्याला पहिल्या लेव्हललाच एक फीट म्हंजे खास कौशल्य मिळतं) खेळतोयस, लेव्हल ३, पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकावर, कॅरेक्टर कोल्हापूरच्या मातीतला पैलवान, शस्त्र हातात घ्यायचंच नाही असं ठरवलंयस. पहिल्या लेव्हलला टॅव्हर्न ब्रॉलर घेतलास, फायटिंग स्टाइल म्हणून ड्युएलिंग घेतलीस, स्ट्रेंथ १७ आहे, आणि आता लेव्हल ४ ला ग्रॅपलर, क्रशर का ड्युअल विल्डर यात अडकलायस. तुझा ग्रेटसोर्डवाला मित्र प्रत्येक राउंडला तुझ्या जवळजवळ दुप्पट डॅमेज काढतोय. कुणीतरी सांगितलं इम्प्रूव्ह्ड अनआर्म्ड स्ट्राइक घे, पण ते तुझ्या पुस्तकात सापडत नाही. आणि डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतोय मूठ हे शस्त्र नाही.

डीएमचं बरोबर आहे, ते आधी सांगून टाकतो. पण तू विचारलेल्या प्रश्नाच्या खाली खरा प्रश्न वेगळा आहे. कुठला फीट भारी हे नंतर बघू, आधी हे बघ की तुझ्या शीटवर दोन वेगवेगळी कामं एकत्र कालवली गेलीयत. मुठीनं मारणं हे एक काम आणि माणूस धरून ठेवणं हे दुसरं, आणि नियमांमध्ये या दोन कामांची यंत्रणा पूर्ण वेगळी आहे, रोल वेगळा, फीट वेगळे, अडचणी वेगळ्या. काही फीट पहिल्याला मदत करतात, काही दुसऱ्याला, आणि एक-दोन असे आहेत की एकाला मदत करताना दुसऱ्याची वाट लावतात. म्हणून लोक तीन-तीन अनआर्म्ड फीट घेऊनही रिकाम्या हातानं उभे असतात.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण इथंच निम्मा गोंधळ होतोय. सगळ्यात आधी एडिशन. इम्प्रूव्ह्ड अनआर्म्ड स्ट्राइक हा ३.५ मधला फीट. तिथं हत्यारबंद माणसावर नुसत्या हातानं धावून गेलास तर तो तुला आधी एक अटॅक ऑफ अपॉर्च्युनिटी (फुकटचा वार) हाणायचा, आणि तू मध्यम आकाराचा असलास तर तुझा ठोसा डी३ (डी म्हंजे फासा, पुढचा आकडा त्याच्या बाजूंचा), तोही नॉनलीथल (जीव न घेणारा). तो फीट घेतला की ही शिक्षा बंद, मग पुढं इम्प्रूव्ह्ड ग्रॅपल घेतला की ग्रॅपलला (धरून ठेवायला) +४, अशी पायरी पायरीची साखळी होती. पाचव्या एडिशनमध्ये ती शिक्षाच काढून टाकली त्यामुळं तो फीट लागतच नाही, प्रत्येकाला अनआर्म्ड स्ट्राइकची प्रोफिशियन्सी (तरबेजपणाचा बोनस) आपोआप असते. तर ३.५ किंवा पहिल्या पाथफाइंडरचा सल्ला पाचव्याला लावायचा नाही, नावं सारखी वाटतात पण आतलं गणित वेगळं आहे. दुसरं म्हणजे २०१४ चं पुस्तक का २०२४ चं, हा फरक ग्रॅपलच्या बाबतीत लई मोठा आहे, पुढं सांगतो. तिसरं, डीएम टाशाज कॉल्ड्रन चालवून देतोय का, २०२० चं पुस्तक, कारण बिनशस्त्र फायटरचा जीव त्यातच आहे.

आता मारण्याचं बघू. २०१४ मध्ये साध्या माणसाचा ठोसा म्हंजे १ अधिक स्ट्रेंथ मॉडिफायर (स्ट्रेंथच्या स्कोअरवरून येणारा आकडा, तुझा +३), डाय (फासा) नाहीच. टॅव्हर्न ब्रॉलरनं तो डी४ होतो. टाशामधली अनआर्म्ड फायटिंग स्टाइल घेतलीस तर डी६, आणि अटॅक करताना हातात शस्त्र किंवा ढाल काहीच नसेल तर डी८. मंकचा (बिनशस्त्र लढणारा वेगळा क्लास) मार्शल आर्ट्स डाय डी४ पासून लेव्हलप्रमाणं वाढत डी१० पर्यंत जातो. लोक काय करतात, हे सगळं गोळा करतात आणि वाटतं की डी४ अधिक डी८ मिळणार. तसं होत नाही. हे सगळे फीचर एकाच जागी बसतात, १ च्या जागी कुठला डाय टाकायचा एवढंच सांगतात, एका वेळी एकच. दोन फेटे एकावर एक बांधून उंची वाढत नाही तसं आहे हे. सगळ्यात मोठा जो डाय असेल तो वापर, बाकीचे डाय विसर, आणि डायसाठी म्हणून दुसरा फीट कधीच घेऊ नकोस.

मग तुझ्या शीटचा दोष कुठं? ड्युएलिंगमध्ये. ड्युएलिंग सांगतंय की एका हातात मेली वेपन (जवळून मारायचं शस्त्र) असेल आणि दुसरं शस्त्र नसेल तर त्या शस्त्राच्या डॅमेजला +२. मूठ शस्त्र नाही त्यामुळं तुला त्यातून शून्य मिळतंय, तीन लेव्हल तू फायटिंग स्टाइलशिवाय खेळतोयस असं समज. तुझा ठोसा आत्ता डी४+३, सरासरी ५.५. मित्राची तलवार २डी६+३, सरासरी १०. दुप्पट इथून आलं. पण टाशामध्ये मार्शल व्हर्सटिलिटी म्हणून ऐच्छिक नियम आहे, फायटरला अॅबिलिटी स्कोअर वाढायची लेव्हल आली की जुनी स्टाइल सोडून दुसरी घेता येते. तुझी लेव्हल ४ हीच ती वेळ. डीएमशी बोल, ड्युएलिंग सोड, अनआर्म्ड फायटिंग घे. स्ट्रेंथ १८ झाली की ठोसा डी८+४, सरासरी ८.५. मित्र तेव्हा २डी६+४ म्हंजे ११ वर असेल. फरक अडीचचा राहिला, आणि हा तू एकही फीट खर्च न करता भरून काढलास. अजून एक गोष्ट फुकट येते, तुझ्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला तू धरून ठेवलेल्या एका शत्रूला डी४ डॅमेज, अटॅक रोल नाही, सेव्ह (शत्रूचा बचावाचा रोल) नाही.

आता "मूठ शस्त्र नाही" हे नीट समजून घे, कारण कुठलाही फीट उघडलास की पहिल्यांदा हेच तपासायचं. २०१४ च्या नियमात अनआर्म्ड स्ट्राइक हा मेली वेपन अटॅक मोजला जातो, पण ते शस्त्र नव्हे. विचित्र वाटतं, पण त्याचा परिणाम सरळ आहे. फीटमध्ये "मेली अटॅक" किंवा "मेली वेपन अटॅक" लिहिलं असेल तर मूठ चालते. "शस्त्रानं" अटॅक केला, "शस्त्राचा" डॅमेज डाय, शस्त्र लाइट पाहिजे, हेवी पाहिजे, असं काही लिहिलं असेल तर मूठ चालत नाही.

या चाळणीतून तुझी यादी काढ. ड्युअल विल्डर गेला, दोन हातांनी लढायला शस्त्र लागतं, दोन मुठी म्हंजे दोन शस्त्रं होत नाहीत, आणि बोनस अॅक्शनला जादा ठोसा हे मंकचं खास काम आहे. ग्रेट वेपन मास्टरचं -५/+१० हेवी शस्त्राला, ते गेलं. उलट सेंटिनल चालतो, कारण अपॉर्च्युनिटी अटॅक हा मेली अटॅक आहे, पळणाऱ्याला ठोसा लागला की त्याचा स्पीड शून्य, बिनशस्त्र माणसाला हा फीट खरंच शोभतो. मोबाइल चालतो. चार्जर चालतो. क्रशर चालतो, कारण तो शस्त्राबद्दल बोलतच नाही, ब्लजनिंग (बोथट माराचं) डॅमेज झालं पाहिजे एवढंच म्हणतो आणि मुठीचं डॅमेज ब्लजनिंगच आहे. सॅव्हेज अटॅकरमध्ये "शस्त्राचे डॅमेज डाइस" असं वाक्य आहे त्यामुळं काटेकोर वाचलं तर नाही, माझ्या टेबलावर मी चालवून देतो कारण त्यानं काही बिघडत नाही, पण तुझा डीएम नाही म्हणाला तर वाद घालू नकोस, पुस्तक त्याच्या बाजूनं आहे.

आता धरून ठेवण्याकडं येऊ, माझ्या मते तुझ्या पैलवानाचा खरा जोर इथंच आहे आणि त्याबद्दल मला जरा मनापासून बोलायचंय.

आपण कोल्हापूरची माणसं. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम बघितलं आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान उभं केलं, १९१२ मध्ये, तिथं बसून आपण कुस्त्या बघितल्यात. मातीतल्या कुस्तीत ठोसा आहे का? नाही. हात मिळवला की खडाखडी सुरू होते, मग कुणीतरी पट काढतो, खाली घेतो, वर बसून कब्जा घेतो, आणि मग सावकाश घिस्सा लावून पाठ टेकवतो. जिंकायचं म्हंजे समोरच्याला चितपट करायचं. मारून बेजार करणं हा त्या खेळाचा भागच नाही. म्हणून बहुतेक जण पैलवान कॅरेक्टर म्हणून जे बनवतात तो नियमांच्या भाषेत बॉक्सर होतो, आणि मग तलवारवाल्याशी डॅमेजची बरोबरी करायला जातो, तिथं तो कायम थोडा मागंच राहणार. पैलवान खेळायचा तर कुस्तीचा क्रम टेबलावर आण. पट काढणं म्हंजे ग्रॅपल आणि शव (इंग्रजी shove, ढकलून पाडणं), कब्जा म्हंजे शत्रू प्रोन (आडवा) आणि स्पीड शून्य. नियमांमध्ये हे सगळं आहे, फक्त ते फीटच्या पानांवर कमी आणि कॉम्बॅटच्या प्रकरणात जास्त लिहिलंय म्हणून लोक वाचत नाहीत.

कसं चालतं बघ. २०१४ मध्ये ग्रॅपल हा अटॅक रोल नाही, तुझा अॅथलेटिक्स चेक विरुद्ध समोरच्याचा अॅथलेटिक्स किंवा अॅक्रोबॅटिक्स, जे त्याला बरं वाटेल ते. जिंकलास की त्याचा स्पीड शून्य. शव पण तसाच, जिंकलास की तो आडवा, म्हंजे प्रोन. आता गंमत अशी की प्रोनमधून उठायला आपल्या स्पीडचा निम्मा भाग खर्च करावा लागतो, आणि स्पीडच शून्य असेल तर उठताच येत नाही. तो तिथंच पडून राहणार. पाच फुटांच्या आतले सगळे त्याच्यावर अॅडव्हांटेजनं (दोन डी२० टाकून वरचा आकडा) मारणार, आणि तो जे काही मारेल त्याला डिसअॅडव्हांटेज (दोनातला खालचा). सुटायचं असेल तर त्याला अख्खी अॅक्शन घालवून तुझ्याशी पुन्हा चेक खेळावा लागतो. यासाठी एकही फीट लागत नाही, लेव्हल १ चा कुणीही करू शकतो. फीट घ्यायचे ते हे जास्त वेळा आणि कमी खर्चात जमावं म्हणून.

जास्त वेळा जमण्यासाठी टाशामधला स्किल एक्सपर्ट. स्ट्रेंथ +१, म्हंजे तुझे १७ चे १८, एक नवीन स्किल, आणि अॅथलेटिक्सला एक्सपर्टाइज (प्रोफिशियन्सी बोनस दुप्पट). नावात कुठं कुस्ती नाही म्हणून कुणी बघत नाही पण २०१४ मध्ये पैलवानाचा सगळ्यात चांगला फीट हाच. आकडा घे. लेव्हल ५ ला स्ट्रेंथ १८ आणि नुसती प्रोफिशियन्सी असेल तर तुझा अॅथलेटिक्स +७, एक्सपर्टाइज असेल तर +१०. समोर ओगर (धिप्पाड राक्षस) आहे, स्ट्रेंथ १९, म्हंजे +४, मोठ्या आकाराचा पण तुझ्यापेक्षा एकच साइज मोठा त्यामुळं धरता येतो. बरोबरी झाली तर तुझा डाव फसला हे धरून +७ ला तू साधारण ६२ टक्के वेळा जिंकतोस आणि +१० ला साधारण ७४ टक्के. आणि हाच आकडा त्याच्या सुटण्याच्या प्रयत्नालाही लागतो, शवलाही लागतो, त्यामुळं एका फाइटमध्ये तो फीट तीन-चार वेळा कामाला येतो.

कमी खर्चात जमण्यासाठी टॅव्हर्न ब्रॉलर, जो तुझ्याकडं आहेच. तू तो डी४ साठी घेतलास, तो भाग आता स्टाइल आल्यावर बाद होईल, पण खरी चीज शेवटची ओळ आहे: तुझ्या टर्नमध्ये ठोसा लागला की बोनस अॅक्शननं ग्रॅपल करता येतो. म्हणून तो फीट वाया गेला असं मनात आणू नकोस. लेव्हल ५ ला दोन अटॅक आले की टर्न असा होतो: पहिला ठोसा, लागला, बोनस अॅक्शननं धरला, दुसऱ्या अटॅकच्या जागी शव, शत्रू खाली. अॅक्शन सर्ज (फायटरची जादा अॅक्शन) बाकी असेल तर लगेच अजून दोन ठोसे अॅडव्हांटेजनं. पुढच्या टर्नच्या सुरुवातीला स्टाइलचे डी४ आणि मग परत दोन ठोसे. बोनस अॅक्शन अटॅकच्या मध्ये वापरता येते का असं बरेच जण विचारतात, येते, फीटची अट पूर्ण झाली की लगेच.

याचा डॅमेजवर काय परिणाम होतो तेही मांडतो, क्रिटिकल बाजूला ठेवून. लेव्हल ५, अटॅक +७, समोर एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १६, लागायची शक्यता ६० टक्के. दोन ठोसे, प्रत्येकी ८.५, राउंडला सरासरी १०.२. शत्रू खाली पाडला की अॅडव्हांटेजमुळं शक्यता ८४ टक्के, सरासरी १४.३, वर स्टाइलचे अडीच, झाले जवळजवळ १७. आणि तुझा तलवारवाला मित्र, त्याची सरासरी १३.२ वरून १८.५ वर गेली, ती पण तुझ्यामुळं. म्हंजे तू एक माणूस धरलास की टेबलावरचं एकूण डॅमेज राउंडला बारा-एक पॉइंटनं वाढतंय. असला पैलवान ज्या टेबलावर असतो तिथं बाकीचे खेळाडू इनिशिएटिव्ह लागली की आधी विचारतात, तू कुणाला धरतोयस.

मग ग्रॅपलर फीटचं काय? नाव वाचून सगळे तिकडंच जातात, आणि २०१४ च्या पुस्तकातला ग्रॅपलर मी माझ्या खेळाडूंना घेऊ देत नाही असं नाही, पण घेण्याआधी बसवून समजावतो. त्यात दोन गोष्टी. एक, तू धरलेल्या शत्रूवर तुला अॅडव्हांटेज. ते तुला प्रोन करून असंही मिळतंय, आणि प्रोननं सगळ्यांना मिळतंय. दोन, अख्खी अॅक्शन घालवून परत चेक जिंकलास तर तू आणि तो दोघंही रिस्ट्रेन्ड (जखडलेले). दोघंही! म्हंजे आता तुझ्यावरही सगळ्यांना अॅडव्हांटेज आणि तुझे अटॅक डिसअॅडव्हांटेजनं सुरू होऊन तुझ्या अॅडव्हांटेजशी कटाकट. शिवाय स्ट्रेंथ वाढत नाही. एका परिस्थितीत मात्र मी त्याची बाजू घेतो: पार्टीत दोन-तीन लांबून बाण मारणारे असतील तर. कारण प्रोन शत्रूवर पाच फुटांबाहेरून मारताना डिसअॅडव्हांटेज असतं, तू कब्जा घेऊन बसलास की तुझे तिरंदाज वैतागतात. अशा पार्टीत शत्रूला उभाच धरून ठेवायचा आणि अॅडव्हांटेज ग्रॅपलरकडून घ्यायचं, हे चालतं. तुझ्या पार्टीत तलवारवाला आहे, बाकीचे कोण ते तू लिहिलं नाहीस, तर ते बघून घे.

क्रशर हा चांगला फीट आहे, पण इथं तो एकमेकांना छेद देण्याचा मुद्दा येतो. क्रशर म्हणतो टर्नमध्ये एकदा ब्लजनिंग डॅमेज करणारा अटॅक लागला की शत्रूला पाच फूट हलव. आणि ग्रॅपलचा नियम म्हणतो की कशानंही शत्रू तुझ्या पोहोचेबाहेर गेला की पकड सुटली. तू धरलेल्या माणसाला क्रशरनं मागं ढकललास तर स्वतःच्या हातानं कब्जा सोडलास. पण क्रशरमध्ये "लांब ढकल" असं लिहिलेलं नाही, रिकाम्या जागेत पाच फूट हलव एवढंच, दिशा तुझी. म्हणून समोरच्या चौकोनातून तिरक्या चौकोनात, तुझ्या शेजारीच ठेवून फिरवलास तर पकड टिकते, आणि पार्टीत रोग (चोरटे वार करणारा क्लास) असेल तर शत्रूला त्याच्या आणि तुझ्या मध्ये, नाहीतर जळत्या शेकोटीत आणता येतं. हे जमवायला ग्रिड (चौकोनांचा नकाशा) लागतो, तुमचा डीएम मनानं सीन सांगून फाइट चालवत असेल तर क्रशरची मजा निम्मी होते. क्रिटिकल लागला की पुढच्या टर्नपर्यंत सगळ्यांना अॅडव्हांटेज, हे वरचं बक्षीस. हा फीट मी तुला दुसऱ्या नंबरवर ठेवीन, लेव्हल ६ ला.

२०२४ च्या पुस्तकावर जाणार असाल तर वरचं बरंच उलटंपालटं होतं, ते थोडक्यात. तिथं अनआर्म्ड स्ट्राइकचे तीनच पर्याय, डॅमेज, ग्रॅपल, शव. ग्रॅपलला तुझा चेक नाही, समोरच्यानं स्ट्रेंथ किंवा डेक्सटेरिटी सेव्ह करायचा, डीसी (त्यानं गाठायचा आकडा) ८ अधिक तुझा स्ट्रेंथ मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी. लेव्हल ५ ला स्ट्रेंथ १८ असेल तर १५, आणि तोच ओगर त्यातून बरोब्बर निम्म्या वेळा सुटतो. म्हंजे धरायला अॅथलेटिक्स एक्सपर्टाइजचा उपयोग संपला, स्किल एक्सपर्ट कुस्तीसाठी घेऊ नकोस. बार्बेरियनचं पण तेच, २०१४ मध्ये रेजमुळं (रागाच्या भरात लढण्यामुळं) स्ट्रेंथ चेकला अॅडव्हांटेज म्हणून तो जबरदस्त धरायचा, २०२४ मध्ये त्याच्या ग्रॅपलला रेजची मदत नाही. पण बदल्यात पकडीलाच वजन आलं, धरलेल्या माणसाला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावरही मारताना डिसअॅडव्हांटेज, त्यामुळं मागच्या विझार्डला वाचवायला नुसतं धरणं पुरतं. आणि अपॉर्च्युनिटी अटॅकमध्ये अनआर्म्ड स्ट्राइक चालतो म्हणजे पळणाऱ्याला तिथंच धरताही येतं.

फीटही बदलले. टॅव्हर्न ब्रॉलर आता ओरिजिन फीट, सेलर बॅकग्राउंडमधून पहिल्याच लेव्हलला मिळतो, त्यात डी४, १ आला तर डाय परत टाक, आणि टर्नमध्ये एकदा ठोशासोबत पाच फूट मागं ढकल. १ परत टाकायची सोय तुझ्या डी८ वर पण चालते, पण तिचा फायदा ठोशामागं अर्ध्या पॉइंटहून कमी आहे, तेवढ्यासाठी जीव टाकू नकोस. बोनस अॅक्शनचा ग्रॅपल तिथून गेला आणि तो ग्रॅपलरमध्ये अजून चांगल्या रूपात आला: लेव्हल ४, स्ट्रेंथ किंवा डेक्स +१, टर्नमध्ये एकदा ठोसा लागला की डॅमेज आणि ग्रॅपल दोन्ही, बोनस अॅक्शनही लागत नाही, वर धरलेल्यावर अॅडव्हांटेज, आणि आपल्या साइजच्या किंवा लहान शत्रूला ओढताना जादा मूव्हमेंट नाही. जो फीट २०१४ मध्ये टाळायला सांगतो तोच २०२४ मध्ये डोळे झाकून घ्यायला सांगतो. पण बघ, इथं ढकलणं "तुझ्यापासून लांब" असं स्पष्ट आहे, तिरकं फिरवता येत नाही. त्यामुळं एकाच ठोशावर ग्रॅपलरनं धरलंस आणि टॅव्हर्न ब्रॉलरनं ढकललंस तर पकड लगेच तुटते. दोन्ही फीट शीटवर असू देत, दोन्ही ऐच्छिक आहेत, पण टर्नला एकच काम निवड. कडा असेल, मित्राच्या अंगावर कुणी चढला असेल तर ढकल, नाहीतर धर.

मंकबद्दल विचारलं नाहीस पण कुणीतरी सांगेलच की एक लेव्हल मंक घे. २०१४ मध्ये त्यासाठी डेक्स आणि विजडम दोन्ही १३ लागतात, चिलखत अंगावर असेल तर मार्शल आर्ट्स बंद. बोनस अॅक्शनला एक ठोसा मिळतो आणि तो डी८ नंच टाकता येतो, पण तुझी बोनस अॅक्शन टॅव्हर्न ब्रॉलरनं आधीच घेतलीय. फायटरनं चिलखत काढून हे करण्यात मला अर्थ वाटत नाही.

कुठं हे सगळं चालणार नाही तेही माहीत असू दे, म्हंजे त्या दिवशी वाईट वाटणार नाही. तुझ्यापेक्षा दोन साइज मोठा असेल त्याला धरताही येत नाही आणि पाडताही येत नाही. भूत, स्पेक्टर, हवेचा नाहीतर पाण्याचा एलिमेंटल, यांना ग्रॅपल्ड आणि प्रोन दोन्ही लागत नाही. आठ गोब्लिन एकदम आले तर दोघांना दोन हातांनी धर, ठोसा लाथेनं किंवा डोक्यानंही मारता येतो नियमात, पण बाकीचे सहा मोकळेच आहेत. आणि २०१४ मध्ये वरच्या लेव्हलला बरेच मॉन्स्टर बिनजादूच्या डॅमेजला रेझिस्टन्स ठेवून असतात, तुझा ८.५ चा ठोसा तिथं निम्मा होतो. मंकला लेव्हल ६ ला यातून सुटका मिळते, फायटरला मिळत नाही. मॅजिक वेपन स्पेल मुठीवर चालत नाही, कारण तेच, मूठ शस्त्र नाही. यावर टाशामध्ये एल्ड्रिच क्लॉ टॅटू आहे, ठोसे जादूचे होतात आणि अटॅक-डॅमेजला +१. लेव्हल ५-६ च्या आसपास तो कुठून मिळेल याची सोय आत्ताच डीएमच्या कानावर घाल. तलवारवाल्याला लुटीत जादूची तलवार मिळतेच, बिनशस्त्र खेळाडूचा विचार डीएमला मुद्दाम करावा लागतो, आणि आठवण करून दिली तर चांगला डीएम करतोच. २०२४ च्या डीएम गाइडमध्ये त्यासाठी रॅप्स ऑफ अनआर्म्ड पॉवर आहेत, +१ ते +३.

तर तुझ्या शीटसाठी, २०१४ आणि टाशा चालत असेल असं धरून: लेव्हल ४ ला ड्युएलिंग सोडून अनआर्म्ड फायटिंग, आणि फीट म्हणून स्किल एक्सपर्ट, स्ट्रेंथ १८, एक्सपर्टाइज अॅथलेटिक्सला. लेव्हल ६ ला क्रशर किंवा सेंटिनल. ग्रिडवर खेळत असाल तर क्रशर, शत्रू सारखे तुझ्या बाजूनं पळून मागं जात असतील तर सेंटिनल. क्रशर घेतलास तर त्याचा +१ कॉन्स्टिट्यूशनला टाक, ती विषम असेल तर. डीएमनं टाशा नाही म्हटलं तर स्टाइल बदलता येणार नाही, स्किल एक्सपर्टही नाही, मग सरळ स्ट्रेंथ १८ कर, उरलेला पॉइंट दुसऱ्या विषम स्कोअरला दे, ठोसा डी४ वरच राहू दे आणि पूर्ण लक्ष धरून पाडण्यावर ठेव, अॅथलेटिक्सची प्रोफिशियन्सी शीटवर आहे का ते आजच बघ. तुझा अॅथलेटिक्सचा आकडा, बाकी पार्टी आणि ग्रिड आहे का नाही हे कळवलंस तर लेव्हल ८ पर्यंतचं बसून लिहून देतो.